दिवाळी ते होळी : परसातल्या कोंबड्यांचा हिवाळा कसा काढावा

विदर्भात मोठी, पिसं भरलेली कोंबडी नुसत्या थंडीनं क्वचितच मरते. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा सात-आठ अंशांवर येतो, गोंदियाकडं कधी त्याहूनही खाली जातो, तरी कोंबडीच्या अंगात ४१ अंशांची ऊब असते आणि अंगावर पिसांची दुलई. कोरडी जागा मिळाली आणि गळ्याखालची चारापिशवी दाण्यानं भरलेली असली की ती आपली रात्र आपण काढते. तरी दरवर्षी पौषात कुणाच्या ना कुणाच्या खुराड्यात सकाळी दोन-चार कोंबड्या लोळलेल्या सापडतात आणि शेजारची काकू म्हणते, “जाऊ दे न बा, थंडीनं गेल्या.” त्या बहुतेक वेळा कोंदट हवेनं, ओल्या भुशानं किंवा मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, गेलेल्या असतात. थंडीवर खापर फोडलं की खरं कारण खुराड्यातच राहतं आणि पुढच्या महिन्यात उरलेल्या कोंबड्या घेऊन जातं.

आपल्याकडं कोंबड्यांचा खरा काळ एप्रिल-मे. ४५ अंशांत खुराड्याचा टिन तापतो तेव्हा फार काही करता येत नाही. त्या दिवसांत टिकायचं तर कोंबडी अंगानं भरलेली, लस झालेली, जंत काढलेली हवी, आणि नवी पिल्लं तोवर पिसांत आलेली हवीत. ही सगळी कामं दिवाळी ते होळी या चार-साडेचार महिन्यांतली आहेत, म्हणून या लेखातला हिवाळा म्हणजे उन्हाळ्याची तयारी. पुढचं सगळं दहा ते पन्नास कोंबड्या असलेल्या घरासाठी आहे. पाचशेच्या शेडचा हिशेब निराळा.

आधी खुराडं

हे काम दिवाळीच्या आसपास, धान कापणीच्या आणि कापूस वेचणीच्या धांदलीतून एक दिवस काढून करा. खुराडं पूर्ण रिकामं करायचं, जुना भुसा खरवडून शेणखताच्या उकिरड्यावर न्यायचा आणि दोन दिवस दार उघडं ठेवून ऊन खाऊ द्यायचं. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीच्या भेगा नीट बघा. दिवसा त्यात गोचीड दबा धरून बसतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. कोंबडी रात्री वर बसायला कां-कूं करते, तुरा फिका पडतो, तेव्हा टॉर्च घेऊन या भेगा आणि बसायच्या दांड्याची टोकं तपासा. भेगा शेणमातीनं बुजवा, वरून चुना मारा. दांडा काढून उन्हात टाका आणि टोकांना चुन्याची निवळी नव्हे, घट्ट चुना फासा.

जागा किती हवी? रात्रीपुरता विचार केला तर कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट पुरे. दहा कोंबड्यांना चार बाय पाच फुटांचं खुराडं झालं. जमिनीपासून दोन फुटांवर गोल दांडा हवा, मनगटापेक्षा थोडा बारीक, आणि प्रत्येकीला सहा ते आठ इंच लांबी. बांबू गुळगुळीत असेल तर त्यावर सुतळी गुंडाळा. जमिनीवर बसणारी कोंबडी थंडी आणि ओल दोन्ही खालून घेते. दांड्यावरच्या कोंबड्या एकमेकींना खेटून, पाय पिसांखाली घेऊन बसतात आणि तेवढ्यानंच निम्मं काम होतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. थंडी पडली की आपण ताडपत्री, खताची पोती, फाटलेली सतरंजी, जे हाताला येईल त्यानं खुराडं चारी बाजूंनी गुंडाळतो. पहाटे पाचला त्या ताडपत्रीच्या आतल्या अंगावर हात फिरवून बघा. पाण्याचे थेंब निथळताना दिसतील. ते कोंबड्यांच्या श्वासातलं आणि विष्ठेतलं पाणी. टिनाच्या छपराखाली तर ते थेंब पाठीवर टपकतात. अशा ओल्या हवेत विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो डोळ्यांची आणि श्वासनळीची आग करतो, मग सर्दीचे जंतू सहज आत शिरतात. वारा लागू नये आणि हवा मात्र खेळावी, ही कसरत जमवायची तर दोन गोष्टी पाळा.

वारा अडवायचा तो कोंबडीच्या अंगाच्या पातळीवर. हिवाळ्यात आपल्याकडं वारा उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. त्या बाजूंना जमिनीपासून दांड्याच्या वर फूटभर उंचीपर्यंत बारदाना, तुराट्यांचा ताटवा किंवा पऱ्हाट्यांचा कुड लावा आणि तो शेणमातीनं लिंपून टाका. दक्षिणेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी राहू द्या, फक्त जाळी असू द्या.

हवा जायला वाट द्यायची ती छपराखाली. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत वरचा दहा-बारा इंचांचा पट्टा जाळी लावून कायम उघडा ठेवायचा, कितीही गारठा पडला तरी. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. कवेलूच्या छपराला फटी असतात, त्यामुळं त्याला थोडं कमी चालतं. टिनाला मात्र हा पट्टा हवाच.

खुराडं नीट आहे की नाही हे ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. पहाटे दार उघडण्याआधी खाली वाका, नाक कोंबडीच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खुराडं कोंदट आहे.

जाळी अर्ध्या इंचाचीच घ्या. मुंगूस आणि साप मोठ्या जाळीतून सहज येतात. रानमांजर जाळी उचकटतं, म्हणून खालची कड सहा इंच जमिनीत गाडा. डिसेंबरात नागपुराकडं साडेपाचच्या पुढं-मागं सूर्य मावळतो आणि अंधार पटकन पडतो, म्हणून सहाच्या आत मोजून दार लावायचं. जंगलाला लागून असलेल्या गावांत, चंद्रपूर-गडचिरोलीकडं, खुराडं घराच्या भिंतीला टेकून असावं. बिबट्याला कोंबडी आवडते आणि तिच्या मागं तो अंगणात येतो. ती भीती कोंबड्यांपुरती राहत नाही.

आणि एक, कोळशाची शेगडी बंद खुराड्यात ठेवू नका. तिच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. सकाळी सगळं खुराडं थंड झालेलं असतं, माणसं पुन्हा म्हणतात थंडीनं गेल्या.

खाली काय पसरायचं

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं साळीचं तूस फुकट किंवा फुकटासारखं मिळतं, त्यासारखं दुसरं काही नाही. तीन इंच जाड थर द्या. पश्चिमेकडं, यवतमाळ-अमरावती-अकोला भागात सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार हाताशी असतं. ते चालतं, पण दोन अटी आहेत. पावसात भिजलेलं, आतून काळं पडलेलं कुटार घेऊ नका. त्यातली बुरशी पिल्लांच्या फुफ्फुसात बसते आणि पिल्लं तोंड उघडून धापा टाकत मरतात, त्यावर औषध जवळपास नाहीच. दुसरं, कुटार एक दिवस उन्हात उलथून धूळ झटकून घ्या.

आठवड्यातून दोनदा फावड्यानं किंवा काठीनं भुसा उलथायचा. मूठभर घेऊन दाबा : गोळा झाला तर ओल जास्त आहे, मुठीतून सुटून पडला तर ठीक. ओला भाग फक्त काढा, बाकी राहू द्या, वर नवा कोरडा थर टाका. खालचा थर आतल्या आत कुजतो आणि थोडी ऊब देतो. पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर काढलं तर अर्धी ओल तिथंच कमी होते. रात्री कोंबडी पाणी पीत नाही.

कोपऱ्यात एक जुनं घमेलं ठेवा, त्यात चुलीची राख आणि भुसभुशीत कोरडी माती निम्मी-निम्मी. हिवाळ्यात बाहेरची जमीन दवानं ओली असते, कोंबड्यांना धूळस्नान मिळत नाही आणि अंगात उवा होतात. राखेत लोळल्या की त्या बऱ्याच कमी होतात.

दाणा : थंडीत भूक वाढते

पावसाळ्यात परसातल्या कोंबडीचं किड्यांवर, गवतावर, सांडलेल्या दाण्यांवर बरंच भागतं. हिवाळ्यात किडे कमी होतात, दिवस आखूड होतो आणि अंग गरम ठेवायला खाणं जास्त लागतं. त्यात ऐन याच दिवसांत जुन्या कोंबड्यांची पिसं झडून नवी येतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अशा कोंबडीला नुसती कनी टाकत राहिलात तर तिला फेब्रुवारी उजाडेपर्यंत धड पिसंही येत नाहीत आणि अंडीही नाहीत.

मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम वरचा दाणा द्या. सगळा सकाळी टाकू नका. सकाळी थोडं मिश्रण, आणि संध्याकाळी आत जायच्या अर्धा तास आधी अख्खी ज्वारी किंवा मका भरडा. अख्खा दाणा पचायला वेळ लागतो, पचताना अंगात ऊब राहते. रात्री आठ वाजता दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या जरा उजव्या बाजूला बोटं लावा. भरलेली, टणक चारापिशवी आणि आतले दाणे बोटांना लागले पाहिजेत. पिशवी सपाट लागली तर ती कोंबडी एक तर आजारी आहे किंवा दांडग्या कोंबड्या तिला दाण्याजवळ येऊ देत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे दाणा दोन-तीन ठिकाणी टाकणे.

घरी दहा किलो मिश्रण करायचं असेल तर हे माप धरा :

मका किंवा ज्वारीचा भरडा ५ किलो. तांदळाचा बारीक कोंडा, ज्याला पॉलिश म्हणतात तो, दीड किलो. सोयाबीनची ढेप २ किलो. तुरीची चुनी ६०० ग्रॅम. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा ७०० ग्रॅम. कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम. मीठ ३० ग्रॅम.

यात साधारण सोळा टक्के प्रथिन बसतं, अंडी देणाऱ्या कोंबडीला ते पुरतं. पिल्लांना हे देऊ नका. अंडी देणारीला हवा तेवढा चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. त्यांना बाजारातलं पिल्लांचं खाद्यच बरं, निदान पहिले सहा आठवडे.

घरचं सोयाबीन वापरायचं असेल तर ते कच्चं कधीच नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो, भाजल्यावर तो निष्प्रभ होतो. कढईत मंद आचेवर, सतत हलवत, साल तडकून खरपूस वास येईपर्यंत भाजा, गार करून भरडा. ढेपेच्या जागी भाजलेलं सोयाबीन घेतलं तर प्रथिन थोडं कमी भरतं, गावरान कोंबडीला चालतं.

आता कापूसवाल्या भागातल्या घरांसाठी. गोठ्यात सरकीची ढेप असतेच आणि गाईला चालते तर कोंबडीला का नाही, असं वाटतं. देऊ नका. सरकीतलं गॉसिपॉल कोंबडीला बाधतं, आणि अंडी काही दिवस ठेवली की त्यातला पिवळा बलक हिरवट-तपकिरी दिसू लागतो. गिऱ्हाईक ते अंडं परत आणून देतं आणि पुन्हा येत नाही.

याहून मोठा धोका शेतातला. दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याची, गव्हाची पेरणी होते आणि बी थायरमसारख्या औषधात घोळलेलं असतं. पेरताना वर राहिलेले दाणे कोंबड्या टिपतात. थायरमनं अंड्याचं कवच मऊ, कातड्यासारखं होतं आणि पिल्लांचे पाय वाकडे होतात. जास्त खाल्लं तर कोंबडी जाते. घराला लागून शेत असेल तर पेरणीनंतर आठ-दहा दिवस कोंबड्या कोंडून ठेवा आणि बियाण्याची रिकामी पिशवी अंगणात झटकू नका. बुरशी आलेला मका, काळवंडलेली शेंगदाण्याची ढेप यांनाही तोच नियम. जनावर खात नाही म्हणून कोंबड्यांना घालणं महागात पडतं, बुरशीचं विष तिचं यकृत खलास करतं.

हिरवं भरपूर द्या, हिवाळ्यात ते सगळीकडं असतं. हरभऱ्याचे शेंडे, मेथीच्या काड्या, पालकाची जून पानं. मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला तर सोनं आहे. जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या वर टांगा, उड्या मारून खातात आणि पायदळी तुडवत नाहीत. बलकाला गडद रंग येतो तो यानंच.

पाणी सकाळी बर्फासारखं असतं, कोंबड्या चोच लावून बाजूला होतात. पाणी कमी पिलं की दाणाही कमी खाल्ला जातो. रात्रीचं पाणी ओतून टाका, सकाळी कोमट भरा. एवढंच.

लस, आणि मंडईचा कोंबडा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईचा, गावजत्रांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव दंडार, नाटकं, घरोघर पाहुणे. पाहुण्यांसाठी आठवडी बाजारातून दोन कोंबडे येतात आणि कापायच्या दिवसापर्यंत आपल्याच कोंबड्यांत सोडले जातात. मानमोडी गावात शिरायचा हा ठरलेला रस्ता. बाजारात दहा गावांची कोंबडी एका डालीखाली बसलेली असते. त्यातली एक आजारी असली की पुरे. वरून पिसं, आतडी उकिरड्यावर टाकली जातात आणि ती गावातल्या सगळ्या कोंबड्या चिवडतात.

बाहेरचं पाखरू, मग ते पाळायला आणलेलं असो की कापायला, आपल्या कोंबड्यांत सोडायचं नाही. पाळायचं असेल तर घराच्या दुसऱ्या अंगाला दोन-तीन आठवडे वेगळं, वेगळ्या भांड्यात. कापायचं असेल तर डालीखाली ठेवा आणि उरलंसुरलं खड्ड्यात पुरा.

मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ विष्ठा, घरघर, मग मान पिळवटणं, पाय लुळे पडणं. एकदा आली की औषध नाही. लस आहे, आणि ती स्वस्त आहे. नव्या पिल्लांचं वेळापत्रक असं असतं : मरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (ही राणीखेतचीच सौम्य लस), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात राणीखेतची आर टू बी, टोचून. आर टू बी लस जोरकस असते, आधी लासोटा न दिलेल्या लहान पिल्लांना ती देऊ नये. आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीला ती दिली तर अंडी काही दिवस घटतात, म्हणून मोठ्यांना पुन्हा मात्रा देताना कोणती द्यायची ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. दिवाळीनंतर एकदा आणि थंडी ओसरताना पुन्हा, अशी दोनदा आठवण ठेवा.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर, दोनशे, पाचशे मात्रांची येते आणि तुमच्याकडं असतात बारा कोंबड्या. कुपी एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्याला चालत नाही. यावर एकच मार्ग आहे : गल्लीतल्या, टोलीतल्या आठ-दहा घरांनी एक सकाळ ठरवायची. बचत गटाच्या बैठकीत हे काम सहज ठरतं. यात तुमचा स्वार्थही आहे, कारण शेजारच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर रोग कुंपणापाशी थांबत नाही.

लस बर्फाच्या डब्यात आणा, २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. खिशात घालून मोटारसायकलवर आणलेली लस म्हणजे पाणी. थंडीत लस पिण्याच्या पाण्यातून देणं मी टाळायला सांगेन. कोंबड्या सावकाश पितात, कुणी पितच नाही. डोळ्यात थेंब घालणं बरं. पहाटे अंधारात, दांड्यावरून एकेक उचलून. दिवसा पकडायला गेलात तर अर्ध्या गावात धावाल. थेंब डोळ्यात पसरून तिनं पापणी मिटली की सोडायची, घाई केली तर थेंब गालावरून ओघळतो.

लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. पोटात जंत असलेल्या कोंबडीला लस नीट लागू पडत नाही. औषध आणि मात्रा दवाखान्यातून वजन सांगून घ्या आणि अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही तिथंच विचारा.

उजेड दिला की अंडी येतात का?

येतात, पण सगळ्यांच्या नाही. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंड्यांसाठी तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांपेक्षाही थोडा कमी असतो. म्हणून मार्गशीर्ष-पौषात अंडी आटतात. ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेडसारख्या अंड्यांच्या जाती पाळल्या असतील तर पहाटे दिवा लावणं परवडतं. दहा बाय दहाच्या खुराड्याला नऊ वॅटचा एलईडी पुरतो. उजेड आठवड्याला अर्ध्या तासानं वाढवत न्यायचा, आणि वाढवायचा तो पहाटेकडून. संध्याकाळी दिवा लावून अचानक बंद केला तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात. एकदा सुरू केलं की मध्येच सोडायचं नाही, त्या दचकून पिसं टाकतात. भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच या भानगडीत पडा. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, वाढीव उजेड देऊ नका, लवकर अंड्यावर येतात आणि अंडी लहान राहतात.

गावरान कोंबडीसाठी माझं मत वेगळं आहे. ती वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तिला बल्ब लावून दहा अंडी वाढतील. त्यापेक्षा तिला हिवाळ्यात विसावा घेऊ द्या, चांगलं खाऊ घाला. थंडीत अंडं थांबणं हा आजार नाही, आणि अंडी देत नाही म्हणून पौषात विकलेली कोंबडी माघात दुसऱ्याच्या घरी अंडी घालते.

रवण कधी ठेवायची

रवण म्हणजे कोंबडीखाली उबायला ठेवलेली अंडी. सगळ्या लेखात हिशेबानं करायचं काम हेच. अंडं फुटायला एकवीस दिवस. पिल्लू पिसांत यायला पाच-सहा आठवडे. एप्रिलच्या मध्यात ऊन ४२ अंशांवर जातं. उलटं मोजत या. जानेवारीत बसवलेली रवण फेब्रुवारीत फुटते आणि पिल्लं उन्हाच्या आधी दीड-दोन महिन्यांची होतात. मार्चच्या शेवटी बसवली तर पिल्लं एप्रिलच्या भट्टीत जन्मतात आणि पहिल्या आठवड्यातच पाण्यावाचून सुकतात. शिवाय उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात कोंबडीच्या उबेशिवायच जीव धरायला सुरुवात होते, मग मध्येच थांबतो, अंडं सडतं. हिवाळ्यात हा प्रश्न नाही. आठवड्याच्या आतली अंडी घ्या, निमुळतं टोक खाली करून ठेवा, मध्यम आकाराची, तडा नसलेली. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असला पाहिजे, आणि तो याच घरातल्या कोंबडीचा लेक नको. दर दोन वर्षांनी कोंबडा बदला.

पण कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसण्याजोगी, व्हायला हवी ना! थंडीत कमीच होतात, माघात दिवस वाढू लागला की होतात. जी पहिली बसेल तिला पकडा. टोपल्यात तळाला राख, वर कडुनिंबाचा पाला आणि गवत, मध्ये खळगा. मोठ्या कोंबडीखाली उन्हाळ्यात पंधरा अंडी झाकतात, थंडीत दहा-अकराच ठेवा. कडेचं अंडं गारठलं की गेलं, आणि कोंबडी अंडी फिरवत राहते त्यामुळं आज कडेला असलेलं उद्या मध्ये येतं. असं फिरता फिरता सगळीच गारठतात. टोपलं घरात, चुलीपासून जरा लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात. दिवसातून एकदा, दुपारी, तिला उठवून दाणापाणी द्या. पंधरा-वीस मिनिटांत ती स्वतःच परत येते.

सातव्या-आठव्या रात्री अंडी तपासा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा, मुठीच्या खळग्यातून उजेड अंड्याच्या रुंद टोकात जाईल असं धरा. आत मध्यभागी काळा ठिपका आणि त्यातून सगळीकडं पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे, जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारखं दिसतं ते. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर अंडं रिकामं, काढून टाका. रक्ताची एक गोल कडी दिसली तर जीव धरून मेला. रिकामी अंडी काढली की उरलेल्यांना ऊब जास्त मिळते.

खुडूक मोडायची असेल, म्हणजे रवण ठेवायची नसेल, तर तिला गार पाण्यात बुचकळणं किंवा नाकपुडीत पीस खुपसणं हे जुने प्रकार सोडा. थंडीत बुचकळलेली कोंबडी आजारी पडते. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच ठेवा, गवत न घालता, तीन-चार दिवस. खालून हवा लागली की ती बसायची थांबते.

उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणणार असाल तर ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, पाचव्या आठवड्यापर्यंत. पिल्लामागे दोन वॅट धरून जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा, एलईडी ऊब देत नाही. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कुंपण करा, कोपरे नकोत, कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढून दबतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात : बल्बखाली गच्च गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडली तर उकडतंय, सगळीकडं विखरून झोपली तर बरोबर. वीज गेली की गरम पाण्याचे पाच लिटरचे कॅन पोत्यात गुंडाळून मध्ये ठेवा. ज्या गावात रात्रीची वीज भरवशाची नाही तिथं माझा सल्ला सरळ आहे, चार-पाच आठवड्यांची वाढलेली, लस झालेली पिल्लं घ्या. पैसे जास्त जातात, पिल्लं वाचतात.

कधी घाबरायचं

एखादी कोंबडी शिंकते, नाकातून पाणी येतं, तरी खाते-पिते, तर खुराड्याची हवा सुधारा, तिला वेगळं ठेवा, बहुतेक निभावतं. चेहरा सुजला, डोळा मिटला, नाकाला घाण वास आला तर दवाखाना. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, ओल्या भुशातून येते, त्याच दिवशी औषध लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये डास वाढले की तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या येतात, ती देवी.

एक-दोन दिवसांत धडाधड कोंबड्या मरायला लागल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं उचलू नका, कापून बघू नका, आणि उरलेल्या घाईघाईनं बाजारात विकू तर मुळीच नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला, सापडला होता. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेल्याचं जानेवारी २०२५ मध्ये उघड झालं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. एरवीही मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कुत्र्यांपुढं टाकायची नाही, तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती.

फाल्गुन लागला की

विदर्भात वसंत असा फार रेंगाळत नाही. पळस फुलला, मोहाचा सडा पडू लागला, की दुपार तापतेच. पोती एकदम काढू नका, फेब्रुवारीत रात्री अजून गार असतात. आधी दिवसा गुंडाळून वर बांधा, रात्री खाली सोडा, शिवरात्रीनंतर पूर्ण काढा. अवकाळी पाऊस आणि गारपीटही याच दिवसांत येते, तेव्हा ढग दिसले की कोंबड्या आत, आणि खुराड्याभोवती पाणी जायला सरी.

अंडी आता वाढतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, जिला हवा ती खाईल. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

कळप कमी करायची हीच वेळ. हिवाळ्यात वाढलेले जास्तीचे नर होळीच्या करीला विका, त्या दिवशी गावरान कोंबड्याला जो भाव येतो तो पुढं आखाडीपर्यंत येत नाही. उन्हाळ्यात खुराड्यात जितकी गर्दी कमी तितकी बरी. म्हाताऱ्या, तीन वर्षांवरच्या कोंबड्याही याच वेळी काढा.

शेवटी खालचा भुसा. हिवाळाभर साठलेला तो जाड थर आता उष्णता धरतो, म्हणून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सगळा काढून इंच-दीड इंचाचा पातळ थर द्या. काढलेलं खत लगेच झाडांना घालू नका, ताजं असताना ते मुळं जाळतं. शेणात मिसळून, पाणी मारून दोन-तीन महिने कुजू द्या. रोहिणीच्या पेरणीआधी वांग्या-मिरचीच्या वाफ्याला ते तयार होतं. आणि टिनाला वरून पांढरा चुना मारून त्यावर तुराट्या किंवा धानाची तणस अंथरायची ती याच पंधरवड्यात, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं आवळून, आणि चुलीच्या धुराड्यापासून लांब.